हात उचलला गेल्यानंतरची ड्यूटी

सिस्टरला मारहाण झाली की बातमी मारहाणीची होते. तीच सिस्टर पुढे सकाळचा हँडओव्हर होईपर्यंत औषधं देत असते, त्याची बातमी होत नाही. रात्री तिच्या जागी उभं करायला माणूसच नसतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात रात्रपाळीला एकटीकडे तीस-चाळीस खाटा असल्या तरी कुणाला नवल वाटत नाही.

अशा वेळी चूक होते ती हमखास इन्सुलिनमध्ये किंवा पोटॅशियममध्ये. आपल्याकडे इन्सुलिन एका मिलीत 40 युनिटचंही येतं आणि 100 चंही. 40 च्या सिरिंजचं झाकण लाल, 100 च्या सिरिंजचं नारंगी. 100 चं इन्सुलिन लाल झाकणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरलं, तर रुग्णाला दहा नाही, पंचवीस युनिट जातात. पोटॅशियम क्लोराइडचा 10 मिलीचा अँप्यूल दिसायला डिस्टिल्ड वॉटरसारखाच. न मिसळता थेट शिरेत गेला तर हृदय बंद पडतं. एरवी या चुका दुसऱ्या सिस्टरच्या नजरेत अडकतात. भेदरलेल्या वॉर्डात ती दुसरी नजरही दाराकडे लागलेली असते.

म्हणून इन्चार्ज सिस्टरने पहिलं काम करावं ते हे: उरलेल्या पाळीत ही औषधं मार खाल्लेल्या सिस्टरच्या हातात देऊ नयेत. शेजारच्या वॉर्डातून तासाभरासाठी का होईना, कुणाला तरी बोलवावं.

दुसरा परिणाम हळू दिसतो. ज्याच्या नातेवाइकांनी मारलं, त्या रुग्णाच्या खाटेकडे जाणं टळतं, बीपी-नाडी दारातूनच 'पूर्वीप्रमाणे' लिहिली जाते, सलाईन संपलेलं उशिरा कळतं. मग नातेवाईक पुन्हा भडकतात, आणि या खेपेला त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नसतं.

कागदाचं काम त्याच पाळीत उरकावं. अपघात विभागात तपासणी आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद), जखमेचे फोटो, फाटलेला गणवेश न धुता बाजूला. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेव्हा ते जपून ठेवण्याची मागणी लेखीच द्यावी. घटना अहवालात 'नातेवाइकांशी वाद झाला' एवढंच लिहिलं की प्रकरण तिथेच मेलं. वेळ, खाट क्रमांक, कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत, कुठे मारलं, कोणतं औषध द्यायचं राहिलं, साक्षीदार कोण, हे सगळं हवं. केसपेपरवर मात्र भांडण लिहू नये. तिथे फक्त रुग्णाची स्थिती.

वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरची हिंसा रोखणारा महाराष्ट्राचा 2010 चा कायदा परिचारिकांना आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनाही लागू आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; मोडलेल्या उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई वेगळी. तक्रार संस्थेने द्यावी. सिस्टरच्या एकटीच्या नावावर दिली की 'मिटवून टाका' म्हणणारे तिच्या घरापर्यंत पोचतात. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने आपल्या रुग्णालयांना सहा तासांच्या आत संस्थेतर्फे एफआयआर करण्याचं बंधन घातलं, ते याच दिशेचं पाऊल.

रुग्णानेच हात उचलला असेल तर आधी ग्लुकोमीटर आणि ऑक्सिमीटर काढा. साखर किंवा ऑक्सिजन उतरला की शांत माणूसही अंगावर येतो. दारू सुटल्यावर दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, म्हणजे नेमका भरती झाल्यावर. अशा रुग्णावर गुन्हा नोंदवून काही साधत नाही. पण हँडओव्हरमध्ये ते स्पष्ट सांगायलाच हवं, नाहीतर पुढच्या पाळीची सिस्टर त्या खाटेशी एकटीच जाईल.