खो मिळायच्या आधी

खो-खो बघताना सगळ्यांचे डोळे पळणाऱ्यांवर असतात. माझे पाटीवर बसलेल्या पोरींवर. शाळेत खेळ शिकवायला लागल्यापासून ही खोड लागलीय.

बसलेलीच्या टाचा उचललेल्या, बोटं मातीत रोवलेली, मान संरक्षक, म्हणजे पळणाऱ्या पोरीबरोबर फिरतेय. पाठीवर थाप पडून ‘खो’ आला की तोंड असेल त्या बाजूला उठायचं आणि डावीकडे की उजवीकडे, ते ठरवायचं. एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत मागे वळता येत नाही. (अल्टिमेट खो-खो या लीगमध्ये वझीर म्हणून नेमलेला पाठलाग करणारा खेळाडू कुठेही पळतो. पोरी त्यावर खूश, मला काही ते पटत नाही.)

या ‘डावीकडे की उजवीकडे’ची किंमत फार जुन्या काळी मोजली गेलीय. १८६० च्या दशकात नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला डोंडर्स या शास्त्रज्ञांनी लोकांच्या पायाला विजेचा हलका झटका दिला. ज्या पायाला झटका, त्या बाजूचा हात हलवायचा. कुठल्या पायाला बसणार हे आधी माहीत नसलं, की सुमारे १/१५ सेकंद जास्त लागायचा. एवढ्यात आमची पळणारी हातभर पुढे निघून जाते.

मग मेंदू आधी ठरवतो आणि नंतर तयारी करतो का? तसं दिसत नाही. माँट्रियलच्या सिसेक आणि कलास्का या मेंदू-संशोधकांनी २००५ मध्ये माकडांवर केलेला प्रयोग मला फार आवडतो. दोन लक्ष्यं दाखवली, कुठलं गाठायचं ते मात्र सांगितलं नाही. तेवढ्या वेळात मेंदूच्या पुढच्या भागात, हालचालीची तयारी होते तिथे, दोन्ही दिशांच्या पेशी एकदमच जाग्या होत्या. खूण मिळाली तशी एक बाजू चढली, दुसरी विझली. चांगली संरक्षक वाचते ती यामुळेच. आपण कुठे वळणार हे ती शेवटपर्यंत कळू देत नाही, बसलेलीच्या डोक्यात दोन्ही वाटा उघड्या ठेवते.

आणि एवढी तयारी असून उठायचं नाही! थाप पडायच्या आधी उठली की फाऊल. तयारी चालू असताना मेंदूकडून स्नायूंकडे जाणारी वाट काही काळ दाबून धरलेली असते. डोक्यावर चुंबकीय ठोका देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजला, तर तो नुसत्या स्वस्थ बसलेल्या माणसापेक्षाही कमी भरतो. म्हणून सरावात मी खो ठरावीक तालावर देऊ देत नाही. ताल कळला की पोरी थापेची वाट न बघता अंदाजाने उठतात.

निवड चाचणीत मात्र पहिलं घड्याळ लागतं ते शंभर मीटरला. आमची सातवीतली एक पोर त्यात मागे पडते आणि पाटीवरून सगळ्यांच्या आधी सुटते. तिच्या आईला ते पटेना, तेव्हा मोबाइलवर स्लो मोशन लावून दाखवलं: थाप पडली ती फ्रेम आणि पहिलं पाऊल सुटलं ती फ्रेम. आता रोज संध्याकाळी सगळ्या जणी मोबाइलभोवती गोळा होतात, ‘मॅडम, माझ्या फ्रेमा मोजा ना आधी!’

आईचं म्हणणं अजून तेच आहे, पळायला शिकवा तिला.