लिहिल्या ४३, चालल्या ४१

परवा बिलाच्या कोडमध्ये चूक सापडली, २.५ चं राउंडिंग ३ यायला हवं होतं आणि येत होतं २. पायथन ३ या प्रोग्रॅमिंग भाषेत हे असंच असतं, राउंड फंक्शन बरोब्बर मधला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं, म्हणजे २.५ चे २ आणि ३.५ चे ४. मला माहीत होतं हो हे, म्हणून तर त्याची खास टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारं छोटं फंक्शन, लिहून ठेवली होती! मग ती बोंबलली का नाही?

सगळ्या टेस्ट शोधून चालवणारं पायटेस्ट चालवलं तर सगळं हिरवंगार, ४१ पास. फाइल उघडून एकेक मोजलं तर टेस्ट ४३.

झालं असं की मी एक टेस्ट कॉपी-पेस्ट केली, आतले आकडे बदलले आणि नाव बदलायचं राहून गेलं. एका फाइलमध्ये एकाच नावाची दोन फंक्शन असली तर पायथन हूं की चूं करत नाही, खालचं धरतं आणि वरचं सोडून देतं, त्यामुळे राउंडिंगवाली टेस्ट पायटेस्टला कधी दिसलीच नाही. हरवलेल्या दुसऱ्या टेस्टच्या नावात 'टेस्ट'चं 'टेट्स' टाइप झालेलं, आणि पायटेस्ट ओळखतं ते नावाच्या सुरुवातीवरून, म्हणजे तीही गेली. लिंटरने, म्हणजे कोड न चालवता चुका दाखवणाऱ्या टूलने, डबल नाव पकडलं असतं, पण टेस्टचा फोल्डर त्यातून वगळला होता मीच, कोण ती कटकट ऐकणार म्हणून.

राउंडिंग पायथनच्याच डेसिमल मोड्यूलने नीट केलं, ते दहा मिनिटांचं काम. पण मग डोक्यात किडा वळवळला की बाकीच्या ४१ चं काय? म्हणून एकेका टेस्टसाठी कोड मुद्दाम मोडला, अधिकच्या जागी उणे, असलं काहीतरी, आणि बघितलं लाल, म्हणजे नापास, होते का. दोन झाल्याच नाहीत. एकीत ज्या फंक्शनची परीक्षा घ्यायची त्यालाच मॉक केलेलं, म्हणजे डमी बसवून पेपर सोडवून घेतल्यासारखं. दुसरीत असर्टची, म्हणजे 'हे खरं असलंच पाहिजे' असं तपासणाऱ्या ओळीची, अट आणि मेसेज एकाच कंसात, त्याचा होतो टपल, म्हणजे एकत्र बांधलेली यादी, आणि भरलेला टपल कायम खराच. याची वॉर्निंग येते, रोज येत होती, मी रोज खाली स्क्रोल करत होतो.

आता ४३ च्या ४३ चालतात. त्यातली एक आज सकाळपासून लाल आहे, ती आजच्या तारखेत नुसता महिना पुढे ढकलते आणि आज आहे ३१.