बिनघडीचा चार-बाय-पाच : निकाल लागला

चार बाय पाच इंच फिल्मचा लाकडी कॅमेरा घडीचा घ्यावा की बिनघडीचा, हा माझा घोळ एकदाचा मिटला. बिनघडीचाच घेतोय. म्हणजे पुढचा स्टँडर्ड (लेन्स धरणारी चौकट) खालच्या पाटावर कायम उभा, आखूड पिशवीसारखा मऊ बेलोज (लेन्स आणि फिल्म यांमधला भाता) आणि लेन्स शक्यतो जागच्या जागी. पेटीतून काढला, ट्रायपॉडवर चढवला की काम सुरू.

सुरुवात लाकडापासून न करता लेन्सपासून केली, म्हणून हे सुटलं. माझ्याकडे ९० मिमीचा एफ/८ सुपर-अँग्युलॉन आणि १५० मिमीचा सिम्मार-एस आहे. तिसरा लेन्स घेण्याचा विचार नाही. दूरच्या विषयावर फोकस करायला बेलोज जवळपास फोकल लेंग्थएवढाच ताणावा लागतो. म्हणजे माझं काम दीडशे मिमी आणि वर थोडं, एवढ्यात भागतं. ज्यांना ३०० मिमी वापरायचा आहे किंवा फुलांची जवळची चित्रं काढायची आहेत, त्यांनी इथंच थांबून घडीचा घ्यावा. एकास एक आकारासाठी फोकल लेंग्थच्या दुप्पट बेलोज लागतो, आणि तिथं आखूड बेलोजचा कॅमेरा हात टेकतो.

आता ९० का, ते सांगतो. गोव्यातल्या फोंडा महालातल्या देवळांची अंगणं दीपस्तंभाच्या मानाने लहान. मंगेशीचा सात मजली स्तंभ डोळ्यांपुढे आणा. समजा स्तंभाचं टोक लेन्सच्या पातळीपासून १५ मीटर वर आहे आणि मागे सरकायला १८ मीटरच जागा आहे. कॅमेरा पातळीत, चौकट उभी. ९० मिमीवर टोकाची प्रतिमा मध्यापासून ७५ मिमी जाते. फिल्मवरच्या चित्राची अर्धी उंची ६० मिमी, म्हणजे १५ मिमी राइज दिला (लेन्स तेवढा वर सरकवला) की टोक अगदी काठावर बसतं. वर आभाळ हवं तर आणखी थोडा. एफ/२२ वर या लेन्सचं प्रतिमावर्तुळ (लेन्स मागे पाडतो ते गोल चित्र) २१६ मिमीचं, त्यातून उभ्या चौकटीला साधारण ३७ मिमी राइज निघतो. चिक्कार झालं. तेच १५० मिमीवर केलं तर प्रतिमा १२५ मिमी वर जाते, ६५ मिमी राइज लागतो, आणि त्या लेन्सचं वर्तुळ जेमतेम ३३-३४ देतं. विषयच संपला.

लेन्सला ३७ मिमी झेपतात म्हणून कॅमेऱ्याला झेपतीलच असं नाही. एका स्नेह्याचा घडीचा कॅमेरा मागून आणून ९० लावून पाहिला. लांब बेलोजच्या सगळ्या घड्या दाबून एकावर एक बसल्या होत्या, आणि राइज द्यायला गेलं की तो पुठ्ठ्यासारखा ताठ गठ्ठा पुढच्या स्टँडर्डला खाली खेचत होता. नॉब पिळून पिळून आवळला तरी स्टँडर्ड किंचित कलतोच. शिवाय उभ्या चौकटीत पाटाची कड खालून डोकावते ती वेगळीच. पिशवी बेलोज बदलून लावता येणारे घडीचे कॅमेरे मिळतात, पण मग तो बेलोजही सांभाळायचा आणि जागेवर बदलत बसायचा. देवळात आरतीची वेळ होत आली की तेवढी सवड कोण देतो?

'किंचित' या शब्दावर थोडं थांबतो. ९० मिमीचा लेन्स फक्त एक अंश पुढे झुकला की फोकसचं प्रतल लेन्सच्या ५.२ मीटर खालून जाणाऱ्या रेषेभोवती फिरायला लागतं. खाजनाच्या (खाडीकाठच्या शेताच्या) बांधावर उभं राहून, लेन्स जमिनीपासून दीड मीटरवर ठेवून, पायाजवळच्या भातापासून पलीकडच्या माडांच्या बुंध्यापर्यंत सगळी जमीन फोकसमध्ये हवी असेल, तर ९० ला साडेतीन अंश टिल्ट (पुढे झुकाव) पुरतो. १५० ला पावणेसहा लागतो. रुंद लेन्सवर एकेक अंशाला इतकी किंमत असताना स्टँडर्ड शून्यावर नेमका आणि घट्ट बसायला हवा, आणि दर वेळी उलगडून उभा करण्यापेक्षा कायम उभा असलेला तिथं सरस ठरतो. टांबडी सुर्लाच्या रानात तर एफ/८ च्या अंधुक ग्राउंड ग्लासवर (मागच्या दुधी काचेवर) एका अंशाची चूक डोळ्यांना दिसणारही नाही. (तिथलं महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. ट्रायपॉडची परवानगी आधी काढा, मगच वाट धरा.)

लाकडाचं म्हणाल तर आमच्या मेस्तांशी (सुतारांशी) बोलून बरंच उलगडलं. लाकूड रेषांच्या लांबीत जवळपास हलत नाही, आडवं हलतं. एसीच्या कोरड्या खोलीतून निघून आषाढातल्या दमट हवेत मुरलेली १५० मिमी रुंद सागाची फळी, चापट चिरलेली असेल तर दोन मिमीच्या वर फुगू शकते. उभ्या रेषांची असेल तर सुमारे एक. कॅमेऱ्यात एवढ्या रुंद फळ्या नसतात, अरुंद पट्ट्यांच्या चौकटी असतात, म्हणून निभावतं. पण जिथं लाकूड लाकडाच्या खाचेत सरकतं तिथं अर्धा मिमीसुद्धा अडतो. मेस्तांचं म्हणणं सरळ होतं : सरकते भाग आणि बिजागऱ्या जितक्या कमी, तितकी पावसाळ्यात कटकट कमी. मला पटलं. पितळेचं मात्र खाऱ्या वाऱ्यात हिरवं होणं चुकत नाही, पुसत राहायचं. बिनघडीचे लाकडी कॅमेरे करणारे जपानचे एबनीवाले टायटॅनियम वापरायचे ते उगाच नव्हे.

आता गैरसोय. बिनघडीचा कॅमेरा जाड असतो. त्याच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं करून स्कूटरवर ठेवून पाहिलं : पायांमधल्या जागेत बसतं, पाठीवरच्या पिशवीत फिल्म-होल्डरांसकट बसत नाही. दिवाडीला फेरीने जायला ठीक, चोर्ल्याच्या बाजूला पायपीट करायची तर विचार करावा लागेल. मी गाडीपासून फार लांब जात नाही, त्यामुळे चाललं.

एबनीने २०१६ मध्ये दुकान बंद केलं. जुने मिळतात, पण भाव ऐकून मान फिरते. शांघायच्या शेन-हावचा बिनघडीचा त्याच घाटाचा आहे. त्याच्यावर बोट ठेवलंय, आगाऊ रक्कमही दिलीय. मागची बाजू ग्राफलॉक (रोलफिल्मची पाठही अडकवता येते अशी) आणि लेन्सबोर्ड (लेन्स बसवायची फळी) लिनहॉफ टेक्निका कॅमेऱ्याच्या मापाचा हवा, एवढ्या दोन अटी घातल्या. बोर्ड ९६ × ९९ मिमी. १५० चा लेन्स कोपाल शून्य शटरमध्ये आहे, त्याला साधारण ३४.६ मिमीचं भोक लागतं.

पावसाळ्याआधी एकदा समांतरता तपासून घ्यायची आहे : दोन्ही स्टँडर्ड शून्यावर, भिंतीवर सपाट चिकटवलेलं वर्तमानपत्र, लेन्स पूर्ण उघडा आणि लूप (भिंग) घेऊन चारही कोपरे. तुमच्यापैकी कुणी टेक्निका मापाचे बोर्ड इथल्याच सुताराकडून सागाचे करून घेतले असतील तर जाडी किती ठेवली आणि प्रकाश आत झिरपू नये म्हणून कडेला पायरी कशी काढली, ते कळवा. आमचे मेस्त रंधा परजून बसलेत.