नाव न कळणाऱ्यांसाठी

7 मे 2025. रात्री सीमेपलीकडे आपले हल्ले झाल्याच्या बातम्या आयसीयूबाहेरच्या टीव्हीवर चालू होत्या. पूंछवर तिकडून तोफांचा मारा होत होता. माझा लेक तोफखान्यात, त्याच बाजूला. फोन बंद. मी इथली नर्स. रात्रपाळीकडून हॅन्डओव्हर घेतला आणि कोपऱ्यातल्या बेडपाशी गेले.

नाशिकच्या दिंडोरी रोडवर मोटरसायकल घसरून पडलेला पोरगा. डोक्याला हेल्मेट नव्हतं. मेंदूमृत्यूची पहिली तपासणी रात्री झाली होती. दुसरी किमान सहा तासांनी करतात, ती माझ्या ड्यूटीत आली. डोळ्यांत टॉर्च मारली, कानात बर्फाचं पाणी सोडलं, आणि शेवटी व्हेंटिलेटर काढला. नळीतून नुसता ऑक्सिजन सोडायचा आणि सगळ्यांनी छातीकडे बघत उभं राहायचं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. मेंदूत थोडी जरी धुगधुगी असली तरी माणूस श्वास ओढतोच. त्याची छाती हलली नाही. माझ्या लेकाच्याच वयाचा होता.

मशीन परत जोडलं आणि त्याच्या आईला आत घेतलं.

"सिस्टर, श्वास चालूय की त्याचा."

"ताई, तो मशीनचा श्वास आहे."

नोकरीत हे वाक्य मी कितीतरी जणांना सांगितलंय. त्या दिवशी जीभ जड झाली.

अवयवदानाचं बोलणं कोऑर्डिनेटर करतात, आम्ही नाही. पण तिनं माझा हात धरून ठेवला होता, म्हणून मीही बसले. बाप भिंतीकडे तोंड करून उभा. तिनं आधी विचारलं, चेहरा तसाच राहील ना? मग विचारलं, कोणाला देणार? नाव सांगता येत नाही, पुण्याच्या केंद्राकडे नोंदवलेल्या यादीप्रमाणे ठरतं, असं कोऑर्डिनेटरनी समजावलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नाव नका सांगू. त्याला आई हाय का, एवढंच सांगा." तेही सांगता येत नव्हतं. तिनं नवऱ्याकडे बघितलं, त्यानं मान हलवली, आणि दोघांनी सह्या केल्या.

लेक भरती झाल्यापासून आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं मला प्रेमानं म्हणतात, तुम्ही अब्राहामासारखा मुलगा दिलात. देवाच्या सांगण्यावरून आपला मुलगा इसहाक याचा बळी द्यायला निघालेला बायबलमधला बाप तो. त्यांचं मन मोठं आहे, पण मला हे कधीच पटलं नाही. मोरियाच्या डोंगरावर इसहाकाचा जीव वाचला, हे एक. आणि दुसरं, मी काही दिलं नाही. पहाटे उठून धावला तो, छाती मोजून घेतली त्यानं. नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला कसम परेड झाली तेव्हा प्रत्येक धर्माचे गुरू आपापला ग्रंथ घेऊन उभे होते. पाद्र्यांच्या हातातल्या पवित्र शास्त्रावर हात ठेवला तो माझ्या लेकानं. मग आम्हा आईबापांच्या छातीवर गौरव पदक लावलं. त्या पदकाचा मला अभिमान आहे. पण शपथ त्याची होती, जीवही त्याचाच. टीव्हीवर त्या दिवशी 'बलिदान' हा शब्द सारखा ऐकू येत होता. बलिदानाची भाषा ज्याचा जीव आहे त्यानं करावी, दुसऱ्यांनी करू नये, असं माझं ठाम मत आहे. आईबापांना खरोखर विचारून होकार घेतला जातो तो कसा, ते मी त्या दुपारी बघितलं, आणि त्या बाईनं ज्याला होकार दिला त्याचं तोंडही ती कधी बघणार नव्हती.

होकारानंतर आमचं काम वाढतं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. गेलेल्याचं ब्लडप्रेशर धरून ठेवायचं, लघवीचा हिशेब दर तासाला लिहायचा, अंग गार पडू द्यायचं नाही. अपघाताची केस, त्यामुळे पोलिसांचे कागदही होते. माझी पाळी संपली, तरी मी थांबले. रात्री त्याला थिएटरमध्ये नेलं. यकृत पुण्याकडे रवाना झालं.

टाके घातल्यावर आम्ही त्याला पुसून स्वच्छ केलं, केस विंचरले. मी नाशिकमधल्या शरणपूरची, जुन्या ख्रिस्ती वस्तीतली. गुलामगिरीतून सोडवून आणलेली आफ्रिकन मुलं आमच्या इथल्या मिशनमध्ये शिकली. त्यांतल्या जेकब वेनराइटनं 1873 मध्ये आफ्रिकेत वारलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी प्रवाशाच्या दफनाची प्रार्थना वाचली. हृदय तिथंच झाडाखाली पुरलं, आणि देह त्यानं आणि सोबत्यांनी कित्येक महिने चालून समुद्रकाठी पोचवला. लहानपणी ऐकलेली ही गोष्ट मला एका भीतीपायी नकोशी झाली होती. तिरंग्यातली पेटी कोणाच्या दारात येते, ते सैनिकाच्या आईला सांगावं लागत नाही. त्या रात्री मात्र त्या पोराचे हात सरळ करताना वाटलं, माझ्यावर वेळ आलीच तर तिकडेही कोणी तरी असंच नीट करील.

आणखी एक गोष्ट मनात होती, ती मी कोणाशी बोलले नव्हते. तोफेचा गोळा मैलोगणती लांब जाऊन पडतो. डागणाऱ्याला समोरचा दिसत नाही. लूकच्या शुभवर्तमानात शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो त्यांना शस्त्र टाका म्हणत नाही. जुलूम करू नका, आपल्या पगारात समाधान माना म्हणतो. माझा लेक ते वचन पाळतो, याची मला खात्री आहे. त्याचं काम मला लाजेचं वाटत नाही. तरी तो गोळा जिथं पडतो तिथंही कोणाची तरी आई असते, आणि तिचं नाव मला कळणार नाही.

शनिवारी संध्याकाळी गोळीबार थांबल्याचं जाहीर झालं. रात्री उशिरा लेकाचा फोन आला, बोलणं मिनिटभराचंच. रविवारी उपासनेत सैनिकांसाठी प्रार्थना होती. मी उभी राहून विनंती केली, की पलीकडच्या आयांसाठीही करा. दोनतीन जणांना ते रुचलं नाही. एकानं बाहेर आल्यावर विचारलं, लेक सीमेवर असताना हे सुचतं कसं? मी म्हटलं, तो तिथं आहे म्हणूनच सुचतं. पाळकांनी प्रार्थना केली. तेव्हापासून दर रविवारी मी ती विनंती करते.