स्टेअरिंगचा एक जॉइंट आणि गॅरेजमधले अकरा दिवस

आमची १९९८ ची मारुती ८०० पुण्यातल्या एका गॅरेजबाहेर अकरा दिवस धूळ खात उभी होती. दुरुस्ती शेवटी झाली ती आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका सकाळी.

स्टेअरिंगमध्ये प्ले आला होता. चाक दोन बोटं फिरवलं तरी गाडीला पत्ता नाही, आणि खड्ड्यातून गेलं की पायाशी 'खट्'. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारून सांगितलं, "रॅक गेलाय, ५,५०० होतील." रॅक म्हणजे पुढची चाकं वळवणारा दातेरी दांडा. मी लगेच हो म्हणालो. तिथेच चुकलो.

मग सुरू झालं 'उद्या'. रॅक येतोय. आला, पण चुकीचा आला. पोरगा गावाला गेलाय. नवव्या दिवशी हाफ डे टाकून गेलो, तर गाडीला कुणी हातही लावलेला नव्हता. माझी पावती डॅशबोर्डवर होती तशीच. आरटीओतली पासिंगची तारीख तोंडावर आलेली (पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी हे करावंच लागतं). अकराव्या दिवशी मालक म्हणतो, "साहेब, जॉइंटला वेल्डिंग मारून देतो, पासिंगपुरतं चालेल." म्हणजे रॅक ठीक आहे, जॉइंट (स्टेअरिंगचा वरचा आणि खालचा शाफ्ट, म्हणजे दांडा, जोडणारा सांधा) गेलाय, हे त्याला माहीत होतं! अजून आठवलं की डोकं तापतं. स्टेअरिंगच्या जॉइंटला वेल्डिंग मारतो असं कुणी म्हणालं, तर चावी घ्या आणि निघा. तो जॉइंट फिरताना वाकायला हवा. वेल्डिंगने तो जखडतो, आणि चालत्या गाडीत तुटला तर हातात नुसतं चाक उरतं.

गाडी टो करून घरी आणली. शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मला चाक डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायला सांगून ते खाली वाकले आणि जॉइंटवर हात ठेवला. वरचा शाफ्ट आधी फिरत होता, खालचा मागाहून. पाच मिनिटांत निदान! ही तपासणी गॅरेजला जाण्याआधी घरीच करा.

नाना पेठेत जॉइंट ६५० ला मिळाला. जुना सोबत न्या, आतले दाते जुळवून घेता येतात. जॉइंट शाफ्टवर आवळणारा बोल्ट गंजलेला असतो, म्हणून आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवा. तो नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. शाफ्टच्या खाचेतून गेलेला असतो. आणि खोलण्याआधी पुढची चाकं सरळ ठेवून शाफ्टवर आणि जॉइंटवर पांढऱ्या रंगाची खूण करा. एक दात जरी चुकला तरी गाडी सरळ आणि स्टेअरिंग वाकडं.

पासिंग झालं. हां, एक राहिलंच. शंभरेक किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा आवळून बघायचा. मी विसरलो होतो. रविवारी सकाळी काकाच पाना घेऊन खाली उभे.