बावीस ड्रमांचा हिशेब

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत उसाच्या ट्रॉल्या आणि टिपरच्या बॉड्या बांधून रंगवणाऱ्या एका कारखान्यात मी नोकरीला आहे. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, म्हणून ‘बोर्डाची कागदं’ माझ्याकडं आली. बोर्ड म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. आमच्यासारख्या धंद्याला १९८१ च्या हवा कायद्याखाली त्यांची संमती लागते. ती मिळाली की काम संपत नाही, दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत आणि पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म पाच, ३० सप्टेंबरपर्यंत.

नेमका तो आमच्या घाईचा काळ असतो. दसरा तोंडावर, त्यामागोमाग गळीत हंगाम. ट्रॉल्यांची रांग गेटपर्यंत लागलेली असते आणि प्रत्येक मालकाला आपली ट्रॉली आधी हवी असते. त्या वर्षी २९ सप्टेंबरला सकाळी मी फॉर्म उघडला. त्याआधीची तीन वर्षं तो दुसऱ्या कुणीतरी भरला होता. मागचे फॉर्म काढून शेजारी ठेवले तर तिन्ही वर्षांत हवेचे आकडे तेच. अगदी दशांश चिन्हानंतरचा आकडासुद्धा.

फॉर्म पाचमध्ये पार्ट बीत कच्चा माल लिहायचा असतो, मागच्या वर्षी किती लागला आणि यंदा किती. पार्ट सीत हवेत आणि पाण्यात काय गेलं ते लिहायचं. दोन्ही एकाच कागदावर, एकाखाली एक. तरीही त्या दोन भागांची एकमेकांशी गाठ कुणी घातलेली नव्हती. मी स्टोअरच्या अण्णांकडून वर्षाचं रजिस्टर मागून घेतलं.

थिनरचे बावीस ड्रम आले होते, दोनशे लिटरचे. एक शिल्लक. वापरून खराब झालेलं थिनर घातक कचरा म्हणून रांजणगावच्या विल्हेवाट केंद्राला पाठवलं होतं, ते दोन ड्रम. उरले एकोणीस.

“अण्णा, ह्या एकोणीस ड्रमांचं काय झालं?”

“काय व्हायचंय? उडालं. थिनर उडतंच की, ताई.”

रजिस्टरमध्येही त्यांनी शेवटच्या रकान्यात तसंच लिहिलं होतं, स्वच्छ अक्षरात: ‘उडून गेले’. तीन वर्षं बोर्ड जे विचारत होतं त्याचं उत्तर या एका रकान्यात होतं. ते फॉर्मपर्यंत कधी पोचलंच नव्हतं.

मी कॅल्क्युलेटर घेतला. एकोणीस ड्रम म्हणजे ३,८०० लिटर. टोल्युइन, झायलीन असलेलं थिनर पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ०.८६ किलो. म्हणजे सुमारे ३,२७० किलो. रांजणगावला गेलेल्या दोन ड्रमांत रंगही मिसळलेला होता, पण ते सगळं थिनरच धरलं, म्हणजे आपला आकडा झालाच तर कमी होईल, फुगणार नाही. मग रंगाच्या सुरक्षा पत्रकातून उडणारा भाग किती ते पाहून रंगातलं सॉल्व्हंट काढलं, ते जवळपास तीन टन. एकूण सव्वासहा टनांच्या आसपास. कामाचे तीनशे दिवस धरले तर रोज वीस किलोपेक्षा जास्त.

आधी वाटलं, कुठंतरी शून्य चुकलं. दोनदा पुन्हा केलं. आकडा हलेना.

मग चिमणीच्या तपासणीचा अहवाल काढला. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा, शिक्क्यासह. त्यात धूलिकण मोजले होते आणि ते मर्यादेच्या बरेच आत होते. यात खोटं काहीच नव्हतं. आमच्या बूथला, म्हणजे रंग फवारायच्या बंदिस्त जागेला, पाण्याचा पडदा आहे. स्प्रे-गनमधून उडालेल्या रंगाचे बारीक थेंब त्या पाण्यात अडकतात, टाकीत त्यांचा चिखल होतो आणि तो चिखल आम्ही गोळा करून पाठवतो. पण वाफ पाण्यात अडकत नाही. टोल्युइन, झायलीन पाण्यात फारसे विरघळतच नाहीत, ते पडद्यातून सरळ वर जातात. जी मोजली ती धूळ, जी गेली ती वाफ. त्यात तपासणीची तारीख उत्पादनाच्या वहीत पाहिली तर त्या दिवशी फक्त दोन मडगार्डांचं टचअप झालं होतं. आमच्या बूथमध्ये इतका निवांत दिवस वर्षात क्वचितच येतो.

दुपारी मी मिक्सिंगच्या खोलीत गेले. परतीच्या पावसाची झड होती, म्हणून खिडकी लावलेली. दार उघडताच डोळे चरचरले. थिनरच्या ड्रमाला झाकणच नव्हतं. शेजारी पत्र्याच्या डब्यात गनचे सुटे भाग भिजत पडलेले, तोही उघडा. आमचे मोठे पेंटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, तोंडाला रुमाल बांधून हार्डनर मिसळत होते.

“मामा, मास्क कुठाय?”

“त्यात दम लागतोय. रुमालच बरा.”

“दम मास्कनं लागतोय का आधीपासनं?”

ते जरा थांबले. “आधीपासनंच. रविवारी न्हाई लागत. सोमवारी सांजच्याला छाती आवळल्यागत हुतंय.”

हे ऐकून मी तिथंच स्टुलावर बसले. सुट्टीच्या दिवशी बरं आणि कामाच्या दिवशी त्रास, ही कामातून येणाऱ्या दम्याची ओळखीची खूण आहे. टिपरच्या केबिनला आम्ही टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग मारतो, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. एकदा शरीरानं त्याचा धसका घेतला की पुढं अगदी थोड्या मात्रेनंही दमा उठतो. आणि वासावरून ते ओळखू येईल म्हणावं तर तेव्हाच खूप उशीर झालेला असतो. कापडी रुमाल त्याला काही करू शकत नाही. त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा लागतो. मामा बावीस वर्षं गन धरतायत.

अमेरिकेत २००८ साली छोट्या गॅरेजांसह गाड्या रंगवणाऱ्यांसाठी एक नियम आला, तो मी नंतर वाचला. शिसं, क्रोमियम, मँगनीज, निकेल, कॅडमियम असलेला रंग फवारायचा असेल तर बूथच्या फिल्टरनं ९८ टक्के थेंब अडवले पाहिजेत, गन कमी फवारा वाया घालवणारी हवी, पेंटरला प्रशिक्षण हवं आणि दर पाच वर्षांनी ते पुन्हा. या सगळ्याची सरकारला लेखी कळवणी द्यायची. त्यात पेंटर माणूस म्हणून दिसतो, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. आपल्याकडं घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत ९० भागांची, मर्यादा आली, पण गाड्यांचे रंग त्यात नाहीत. ट्रॉलीच्या पिवळ्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून त्याच्या डब्यावर मी तेव्हापासून नीट नजर ठेवते.

साहेब संध्याकाळी सातला भेटले. घरी घट बसलेले, निघायच्या घाईत होते. मी कागद पुढं ठेवला.

“हा आकडा टाकलास तर बोर्ड विचारणार.”

“विचारू देत. पार्ट बीत थिनर किती घेतलं ते आपण लिहितोच, साहेब. खाली पार्ट सीत त्याचा पत्ता नसेल तर ते गेलं कुठं, हे कधीतरी विचारणारच. तेव्हा काय सांगायचं?”

ते काही बोलले नाहीत. मग वायूची मर्यादा संमतीपत्रात आहे का, असं त्यांनी विचारलं. थिनरच्या वाफेची नव्हती. मग लिहायचं कशाला, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मर्यादा नाही म्हणून ती उडत नाही असं नाही. ही वाफ उन्हात धुराड्यातल्या नायट्रोजनच्या वायूंशी मिळून जमिनीलगत ओझोन करते, आणि ओझोनची मर्यादा देशाच्या २००९ च्या मानकांत आहे. ते त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांची नजर एकोणीस या आकड्यावरच होती.

“एकोणीस ड्रम?” ते म्हणाले. “मी पैसे देऊन घेतलेले एकोणीस ड्रम?”

“त्यातलं बरंचसं गनमधून जाणारच. पण उघड्या ड्रमातनं आणि गन धुताना जातंय ते वाचेल.”

मग मी मामांच्या छातीचं सांगितलं. ते खुर्चीत पुन्हा बसले आणि मामा किती वर्षांपासून आहेत ते मोजू लागले. कारखान्यातली पहिली ट्रॉली मामांनीच रंगवलेली. सही त्या रात्री झाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी झाली, आकड्यात एक किलोही न बदलता. हिशेब कसा काढला त्याची एक पानी टीप सोबत जोडली आणि रात्री पोर्टलवर फॉर्म गेला.

मामांना मी त्याच आठवड्यात मिरजेला छातीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. फुंकून करायची तपासणी झाली. गन बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामा परत येताना गाडीत एक शब्दही बोलले नाहीत. पगार तोच राहील, हे साहेबांकडून लिहून घ्यायला मला पंधरा दिवस लागले, आणि त्या पंधरा दिवसांचा राग अजून गेलेला नाही.

आता ड्रमाला तोटी आणि झाकण आहे. गन धुवायला बंद पेटी घेतली, पेंटरना हवा पुरवणारे दोन मुखवटे आले. स्टोअरबाहेरच्या उघड्या शेडमध्ये वजनकाटा ठेवलाय. थिनर दिलं की वजन, परत आलं की वजन. काट्यावर मामा असतात. ते आकडा ओरडून सांगतात, मी लिहिते. थंडीत अजून त्यांना मध्येच थांबावं लागतं. तेवढा वेळ मी पेन धरून थांबते.