गरम इंजिन, स्लोवर लुकलुकणारा ऑईलचा दिवा

चालत्या गाडीत ऑईल प्रेशरचा लाल दिवा पूर्ण पेटला तर विचार करत बसायचं नसतं. गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. घोळ होतो तो दिवा नुसता लुकलुकतो तेव्हा. जरा रेस दिली की विझतो, गाडी छान ओढते, कुठे टकटक नाही, मग ‘बघू पुढच्या सर्व्हिसिंगला’ म्हणत महिना जातो. जुनं डिझेल इंजिन सोशिक असतं, तक्रार न करता चालत राहतं. त्याच्याकडे तक्रार करायला तो एक दिवाच आहे, म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो.

आमची जीप १९९६ची, चार सिलिंडरची. साखरप्याहून आंबा घाट चढून वर आलं की आंबा गावात चहाला थांबायचं, ही जुनी सवय. यंदा उन्हाळ्यात तिथे गाडी स्लोवर आली, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू राहिलं, आणि दिवा लुकलुकायला लागला. सकाळी थंड इंजिनावर काही नाही, सपाटीच्या रस्त्यावर काही नाही. घाट चढून इंजिन तापलं आणि स्लोवर आलं, की लगेच.

कोल्हापुरात आमच्या मेस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, “गुरुजी, स्विच गेला असंल. दुसरा टाकू.” सल्ला अगदीच चुकीचा नाही. हा दिवा लावणारा, ब्लॉकवरचा ऑईल स्विच स्वस्त असतो आणि बऱ्याचदा दोषी तोच निघतो. त्याच्या आत एक पडदा आणि स्प्रिंग असते. प्रेशर नसताना आतले पॉइंट जुळलेले असतात, दिव्याला ब्लॉकमधून अर्थिंग मिळतं आणि दिवा लागतो. प्रेशर साधारण अर्ध्या किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) आसपास गेलं की पॉइंट सुटतात आणि दिवा विझतो. म्हणजे दिवा विझलेला आहे याचा अर्थ प्रेशर उत्तम आहे असा होत नाही, अर्ध्या किलोच्या वर आहे एवढाच होतो.

स्विच बदलण्याआधी एक साधी गोष्ट करायची. चावी ऑन ठेवून स्विचची वायर काढायची. दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागते आहे. मग तीच वायर ब्लॉकला टेकवायची, दिवा लागला पाहिजे. लागला नाही तर बल्ब उडालाय किंवा वायर तुटली आहे, आणि ही अवस्था सगळ्यात वाईट, कारण ऑईल संपलं तरी तुम्हाला कळणार नाही. आमची वायर दोन्ही वेळा बरोबर निघाली.

दिवा कधी लुकलुकतो याकडे नीट बघितलं तर अर्धं काम तिथेच होतं. खड्ड्यात गाडी आदळली की लुकलुकत असेल तर वायर किंवा टर्मिनल बघा. वळणावर, ब्रेक मारताना किंवा चढावर लुकलुकत असेल तर चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्यात, ऑईल कमी आहे आणि ऑईल पंपाच्या जाळीतून हवा ओढली जाते आहे. तापल्यावर, फक्त स्लोवर आणि रेस देताच विझत असेल, तर प्रेशर खरंच कमी असण्याची शक्यता दाट. आमचं हे तिसऱ्या प्रकारातलं होतं. म्हणून मी मेस्त्रींना म्हटलं, स्विच नंतर, आधी मीटर लावू.

शिवाजी उद्यमनगरात मेकॅनिकल प्रेशर मीटर, नळी आणि आपल्या आट्याचं अडॅप्टर सहज मिळतं. अडॅप्टर नेताना जुना स्विच सोबत न्यावा, कारण आटे वेगवेगळे असतात आणि जबरदस्तीने आवळला तर ब्लॉकमधले आटे जातात. स्विचच्या जागी मीटर बसवलं, नवीन तांब्याचं वायसर घातलं. थंड इंजिनावर स्लोला तीन किलो. मग गाडी पन्हाळ्याच्या चढावर नेऊन चांगली तापवून आणली. आता स्लोला काटा ०.४ वर थरथरत होता, आणि रेस धरल्यावर कसाबसा १.८. मेस्त्री काट्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे स्विच खरं बोलत होता.”

मग ऑईलची पट्टी काढली. पातळी वरच्या खुणेच्याही बोटभर वर! मधल्या काळात कुणी ऑईल घातलं नव्हतं. डिझेल गाडीत ऑईल आपोआप वाढत नसतं. दूधघातल्या चहासारखं दिसत असेल तर पाणी शिरलंय. आमचं काळंच होतं, पण काळ्या रंगावरून काही ठरवू नये, डिझेलच्या काजळीने नवीन ऑईलसुद्धा थोड्याच अंतरात काळं पडतं. बोटावर घेतलं तर पातळ लागलं आणि वास डिझेलचा. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब टाकला. तासाभराने मध्ये काळा डाग आणि त्याच्या बाहेर लांबपर्यंत पसरलेलं फिकट, तेलकट कडं दिसलं. ते बाहेरचं कडं डिझेलचं.

पंधरा-चाळीस (15W-40) ग्रेडचं ऑईल १०० अंशांवर साधारण १४ सेंटिस्टोक (दाटपणाचं माप) असतं. डिझेल ४० अंशांवरच २ ते ४.५. एवढं पातळ द्रव त्यात मिसळलं की गरम ऑईल बेअरिंगच्या फटींतून भराभर निसटतं. ऑईल पंप फक्त ऑईल ढकलतो, प्रेशर तयार होतं ते त्या फटींच्या अडवणुकीतून. स्लोवर पंप हळू फिरतो आणि अडवणूकही कमी झालेली, म्हणून दिवा नेमका तिथेच लागतो.

आता डिझेल येतंय कुठून? आमच्या इंजिनाच्या नोझलच्या, जादा डिझेल परत नेणाऱ्या नळ्या इंजिनाच्या बाहेरून आहेत, त्यामुळे तो संशय लगेच मिटला. राहिला टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप. तो ब्लॉकच्या कडेला, कॅमवर चालणारा, पडद्याचा. दोन नट काढून तो हातात घेतला आणि वरचे स्क्रू सोडले. पडदा उजेडासमोर धरला तर मधल्या वायसरच्या कडेने, अर्धगोलात, केसाएवढी चीर. बोटाने ताणल्यावर ती उघडत होती. इंजिन चालू असताना प्रत्येक ठोक्याला थोडं थोडं डिझेल त्यातून सरळ चेंबरमध्ये जात होतं. ही नुसती प्रेशरची गोष्ट नाही. चेंबर असं भरत गेलं आणि ब्रीदरमधून (चेंबरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ते मिश्रण इंजिनाने ओढलं, तर डिझेल इंजिन त्याच्यावरच बेफाम पळू शकतं, आणि स्टॉपची केबल ओढूनही थांबत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. दिवा लुकलुकला की ‘जाड ऑईल घाला’ असं सांगणारे गावोगाव आहेत. एका नातेवाइकांच्या ट्रॅक्टरमध्ये तसंच जाड ऑईल घातलं गेलं. दिवा विझला, सगळे निर्धास्त झाले. ऊस वाहतुकीच्या ऐन हंगामात इंजिन आवाज करायला लागलं. चेंबर उतरवलं तर बेअरिंगचा वरचा करडा थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलेलं, आणि क्रँक ०.२५ मिमी घासून घ्यावा लागला. बेअरिंगमधली फट दुप्पट झाली तर तिच्यातून जाणारं ऑईल आठपट होतं, कारण हा हिशेब फटीच्या घनाचा आहे. जाड ऑईलने ती फट भरत नाही, फक्त दिवा गप्प होतो, आणि सकाळी थंडीत तेच ऑईल वरच्या रॉकरपर्यंत पोचायला वेळ लावतं.

आमच्याकडे पडदा नवा टाकला. ऑईल गरम असताना पूर्ण काढलं, फिल्टर बदलला, बसवण्याआधी त्यात ऑईल भरलं. स्टॉपची केबल ओढून धरली आणि दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारला, मगच इंजिन चालू केलं. पुन्हा तोच पन्हाळ्याचा चढ. गरम इंजिनावर स्लोला १.१, रेसला ३. स्विच जुनाच आहे.

हे करूनही आकडे वर आले नसते तर पुढचा क्रम आम्ही ठरवून ठेवला होता: आधी जादा प्रेशर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग आणि त्यात अडकलेली घाण, मग चेंबर काढून जाळी, मग ऑईल पंपाच्या गिअरमधली फट, आणि शेवटी बेअरिंगच्या टोप्या. सोप्यापासून अवघडाकडे. सरळ इंजिन बांधायला घेणाऱ्याला मी थोडं थांबायला सांगेन, त्यात हजारो रुपये जातात.

मीटर आता काढलेलं नाही. टी (तीन तोंडांचा जोड) टाकून स्विच आणि मीटर दोन्ही बसवलेत, मीटर डॅशबोर्डखाली. गरम असताना स्लोचा आकडा ०.७ च्या खाली गेला तर चेंबर उतरवायचं, असं मेस्त्रींचं आणि माझं ठरलंय. तोवर पट्टी दर आठवड्याला, आणि तीही गाडी सपाट जागेवर लावून, पाच-दहा मिनिटं ऑईल खाली उतरू देऊन.